निवेदकाचा ओंडका

सन एकोणीसशे अडतीस, आणि मला बासष्टावं लागलेलं. या वयात मरणाची बातमी नवी राहत नाही, आणि माझ्या धंद्यात तर नाहीच. अधारतालला, तलावाच्या काठी, माझी लाकडाची टाल आहे, म्हणजे वखार. माणूस जन्मला तर पाणी तापवायला लाकूड माझ्याकडून जातं, लग्नात चुलवणाला माझ्याकडून, आणि शेवटचंही माझ्याकडूनच. त्या दिवशी सकाळी मी वजनाच्या काट्यापाशी उभा होतो. श्रावणाची झड लागलेली. माझा गाडीवान रामदीन आला आणि म्हणाला, "भैया, मास्टरजी के यहाँ लकड़ी भेजनी है. सूखी." मी वैतागलो. दोनच दिवसांपूर्वी मास्तरकडे गाडी भरून लाकूड गेलं होतं. मी म्हटलं, "अभी तो ले गया. लकड़ी खाता है क्या तेरा मास्टर?" रामदीननं डोक्याचा गमछा सोडला आणि हातात धरून तसाच पावसात उभा राहिला...

झडीत सुकं लाकूड कुठून आणायचं? सगळी टाल ओली. फक्त मागच्या टिनाखाली धावड्याच्या लाकडाचा एक ढीग होता, दोन उन्हाळे वाळवलेला, खणखणीत. तो मी विकत नव्हतो. तो मी माझ्यासाठी ठेवला होता. हसू नका. टालवाल्यानं ओल्या लाकडावर जळायचं म्हणजे बेअब्रू. तर तो धावडा मास्तरनं नेला. माझ्याहून वयानं चांगला लहान माणूस, आणि माझ्या आधी, माझ्या लाकडावर. जन्मभर माझ्या बोलण्याच्या मधे तोंड घालत आला, तसंच हेही केलं.

आता महिना होऊन गेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी मास्तरवर कोणी तरी लिहावं असं निघालं, तेव्हा त्याचे शिकलेले मित्र पुढे झाले. मी म्हटलं, बसा खाली. तुम्ही लिहाल की ते थोर होते, मनमिळाऊ होते, त्यांच्या जाण्यानं पोकळी झाली. तो मनमिळाऊ नव्हता. डोकं उठवणारा माणूस होता, आणि त्यानं डोकं माझं उठवलं, तेव्हा लिहीन मी. माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ छापखान्यानं पाहून घ्यावं. मजकुराला मात्र हात लावू नये.

त्र्यंबक मास्तर मूळचा अमरावतीकडचा. इथं मराठी शाळेत लागला आणि आमच्या टालीच्या मागच्या आळीत घर घेऊन राहिला. शाळेत पोरांना काय शिकवायचं ते शिकवत असेल, पण त्याचा जीव अडकला होता लघुकथेत. लिहिण्यात नाही, स्वतः त्यानं एक ओळ लिहिली नाही. गोष्ट कशी वाचावी, तिचे अवयव कोणते, कथानक म्हणजे काय, पात्र म्हणजे काय, हे लोकांना कळलं पाहिजे, हा त्याचा ध्यास. घड्याळजी घड्याळ उघडतो तसा तो गोष्ट उघडून बसायचा. मराठी वाचनालयात त्यानं रविवारचा कथावर्ग काढला. चार बाया त्यात येऊन बसू लागल्या, त्यात माझी मुलगी यमुनाही, तेव्हा वाचनालयवाल्यांना ते खुपलं. खोलीची डागडुजी करायची आहे म्हणाले. तो थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, तुमच्या टालीत बसायला ओंडके आहेत ना?"

मी होकार दिला नव्हता. हे मी आज छापून सांगतो. पण पुढच्या रविवारी मी पाहतो तर सगळा वर्ग माझ्या सागावर बसलेला.

वर्गाला फळा नव्हता, म्हणून मास्तर खडूनं लाकडावर लिहायचा. लांब ढिगावर 'कथानक'. वाशासारख्या उभ्या बल्लीवर 'कळस'. भिजलेल्या आंब्यावर 'वातावरण'. मी ओरडायचो की बाबा, हा माल आहे. तो म्हणायचा, खडूच आहे, पुसला जातो. पुसला जात नव्हता. एकदा 'संघर्ष' लिहिलेलं लाकूड एका नव्या जोडप्याच्या घरी गेलं. पोरीच्या सासूला वाचता येत होतं. ती लाकूड घेऊन टालीत आली, म्हणाली, आमच्या घरात अजून भांडण नाही, तुम्ही बाहेरून पाठवून राहिले काय? मी मास्तरकडे बोट दाखवलं. मास्तरनं तिला ओंडक्यावर बसवून संघर्ष म्हणजे काय ते समजावलं. एका माणसाला काही हवं असतं आणि काही तरी आडवं येतं, तो संघर्ष. ती बाई ऐकत राहिली आणि पुढच्या रविवारपासून वर्गात येऊ लागली. सांगा आता.

बीजा नावाच्या झाडाचा एक बुंधा होता, गुडघाभर उंचीचा, वर साफ कापलेला. त्याच्यावर त्यानं 'निवेदक' लिहिलं. गोष्ट सांगायची ज्याची पाळी, त्यानं तिथं बसायचं. मी कधी बसलो नाही. माझ्याच टालीत माझी जागा दुसऱ्यानं काहून ठरवावी? मला गोष्ट सांगायची असली की मी काट्यापाशी उभा राहून सांगायचो, आणि माझ्या गोष्टी ऐकायला महाराजपूरपासून लोक येत, मास्तर यायच्या आधीपासून.

माझी वाघाची गोष्ट सगळ्या रस्त्याला माहीत आहे. मंडल्याच्या जंगलात आम्ही लाकूड आणायला गेलो होतो आणि वाघ समोर आला, ती. वीस वर्षं लोकांनी ती गुपचूप ऐकली. मास्तरनं पहिल्याच वाक्याला अडवलं. म्हणाला, "दादा, तुम्ही वाघ फार लवकर आणता. आधी अंधार आणा. बैलांचे कान उभे करा. मग वाघ." मी म्हटलं, वाघ माझा आहे, मी वाटेल तेव्हा आणीन. पुढे गेलो तर म्हणे, संघर्ष कोणाशी आहे? वाघाशी, की मनातल्या भीतीशी? मी म्हटलं, वाघाशी रे बाबा, वाघाशी! पुढच्या खेपेला मी आधी अंधार आणला होता, हे खरं आहे. लोक श्वास धरून बसले होते, हेही खरं आहे. पण ते माझ्या आवाजामुळे.

एवढ्यावर थांबेल तो मास्तर कसला. त्याला वर्गाला दृष्टिकोन शिकवायचा होता. म्हणजे गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी पाहायची ते. म्हणून त्यानं रामदीनला बुंध्यावर बसवलं आणि तीच गोष्ट सांगायला लावली. रामदीन त्या रात्री जंगलात माझ्यासोबत होता. रामदीननं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरकडे, आणि सांगून टाकलं, "भैया तो पेड़ पर थे. नीचे तो हम थे, बैल पकड़े हुए." वर्ग हसला. यमुना तर पदर तोंडाला लावून हसत होती. नवरा गेल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. मास्तर हसला नाही. एवढंच म्हणाला की बघा, वाघ तोच, रात्र तीच, फक्त बसणारा बदलला, आणि गोष्टीचा नायक बदलला. मी झाडावर होतो कारण झाडावरून वाघ नीट दिसतो. ते त्या दिवशी कोणी ऐकून घेतलं नाही, म्हणून इथं लिहितो.

कथानकावरून तर आमचं रोज वाजायचं. तो म्हणायचा, लाकूड भिजलं आणि गिऱ्हाईक गेलं, या दोन घटना झाल्या. लाकूड भिजलं म्हणून गिऱ्हाईक गेलं, हे कथानक. मी म्हणायचो, गिऱ्हाईक तुझ्या बडबडीला कंटाळून गेलं, याला काय म्हणतात? "ते उपकथानक," म्हणायचा. त्याच्याशी भांडण्यात अशी अडचण होती. कळस समजावताना तो तासभर बोलला. मी म्हटलं, मास्तर, कळस चढवला की गवंडी खाली उतरतो, तू काहून उतरून नाही राहिला? एका गोष्टीवर मात्र तो चिडायचा, ती म्हणजे योगायोग. गोष्टीच्या शेवटी अचानक हरवलेला भाऊ सापडला, देव पावला, वीज पडली, की पुस्तक आपटायचा. सुरुवातीला योगायोग चालेल म्हणायचा, पण शेवट पात्राच्या स्वभावातून आला पाहिजे. वरून टपकलेला शेवट चोरीचा.

आणि मग ते सपाट पात्र. एका रविवारी तो शिकवत होता की काही पात्रं गोष्टीत बदलतात, काही बदलत नाहीत. न बदलणारं ते सपाट पात्र. उदाहरण काय द्यावं? म्हणाला, आपले दादा. पहिल्या पानावर जे म्हणतील तेच शेवटच्या पानावर. मी काट्यावर होतो, मला ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात अख्ख्या मराठी वस्तीत माझं तेच नाव झालं. न्हावी विचारतो, काय सपाटराव, दाढी की केस? मी मास्तरशी बोलणं टाकलं. तो रोज संध्याकाळी येऊन बुंध्यावर बसायचा आणि मी न बोलता माल मोजायचो. शेवटी तो म्हणाला की सपाट ही शिवी नाही दादा, सपाट पात्रावर गोष्ट भरवसा ठेवते, ते कुठं उभं आहे हे वाचकाला ठाऊक असतं. मी म्हटलं, सपाट फळीवरच लोक पाय देतात, हे मला टालवाल्याला शिकवू नको.

आता यमुनाचं. माझी एकुलती मुलगी. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माझ्याकडे परत आली. तिची आई त्याआधीच गेलेली. घर तिच्यावर, माझं जेवणखाण तिच्यावर, आणि हातातलं काम संपलं की ती वाचायची. वर्गात मास्तर कोणाला बोलला नसेल इतकं तिला बोलायचा, कारण तिला जमत होतं. तिनं एखादी गोष्ट वाचून सांगितली की बाया रडायच्या, आणि मास्तर विचारायचा की कशामुळे रडल्या, तर तेही तिला सांगता यायचं. नागपूरला बायकांना मास्तरीण करण्याची शाळा आहे, राहण्याची सोय आहे, पुढे नोकरी आहे. मास्तरनं परस्पर चौकशी करून ठेवली. श्रावण संपायच्या आत हजर व्हायचं होतं. मी नाही म्हटलं. एकदा नाही म्हटलं की मी परत विचार करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. यमुनानं एकदा विचारलं, पुन्हा विचारलं नाही. मास्तर मात्र रोज.

लोक म्हणतात की पोरगी गेली तर टालवाल्याला भाकर कोण देईल, म्हणून तो अडवून राहिला. ते खोटं आहे. भाकर मला येते.

शेवटची भेटही त्याच विषयावरची. पावसानं वर्ग झाला नव्हता, मास्तर एकटाच बुंध्यावर बसलेला, छत्री उघडी. छाती दुखते म्हणत होता, मी म्हटलं बोलणं कमी कर. त्यानं चक्क मान डोलावली, हेच मला खटकायला हवं होतं... आणि म्हणाला, "दादा, यमू तुमच्या गोष्टीत दुय्यम पात्र होऊन राहिली आहे. ताट वाढते, पाणी देते, बाजूला होते. तिला तिची गोष्ट असू द्या."

मी म्हटलं, "माझं घर म्हणजे तुझा वर्ग नाही, मास्तर. ऊठ."

तो उठला. धोतर झटकलं. छत्री मिटून परत उघडली, जसं काही तीच बिघडली होती, आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी समजलो, रुसला. बरं झालं, म्हटलं, चार दिवस टालीत शांतता. आणि मग सकाळी रामदीन गमछा सोडून उभा राहिला. मी जे बोललो ते माझ्या घराबद्दल बोललो, मला तो हक्क होता, आणि आजही मी तो शब्द मागे घेत नाही. पण तो शेवटचा शब्द ठरेल, हे त्यानं सांगायला हवं होतं. एरवी प्रत्येक गोष्ट आधी सुचवून ठेवायचा. सूचकता, सूचकता करायचा. स्वतःच्या वेळी मात्र काही नाही.

दहाव्याला ग्वारीघाटावर आम्ही सगळे. पाऊस थांबला होता, नर्मदा गढूळ, फुगलेली. मास्तरचा मुलगा अनंता कटनीहून आलेला, त्यानं पिंड ठेवला. आपल्यात कावळा शिवावा लागतो. गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल तर कावळा येत नाही, आणि मग जवळच्यांनी एकेक करून शब्द द्यायचा असतो की तुमचं अमुक राहिलं आहे ते आम्ही करू. कावळा होता. समोरच्या पिंपळावर बसून आमच्याकडे पाहत होता. पण उतरत नव्हता. अनंता म्हणाला, आईला मी सांभाळीन. कावळा हलला नाही. मास्तरचा मेहुणा म्हणाला, पुस्तकं जपू. नाही. वाचनालयाचे चिटणीस पुढे झाले आणि म्हणाले की वर्गाला खोली परत देऊ. डागडुजी संपली वाटतं. कावळ्यानं चोच फांदीला घासली आणि बसून राहिला.

मास्तर शिकवायचा की उत्कंठा म्हणजे वाचकाला हवं ते जरा उशिरा देणं. मला इतका राग आला. मेला तरी याची उत्कंठा सुटत नाही. ऊन चढलं, विधी सांगणारे गुरुजी कंटाळले, आणि एकेक करून सगळे माझ्याकडे पाहू लागले. न्हावीसुद्धा. मी नदीकडे पाहिलं. मग म्हटलं, मास्तर, तुझा बुंधा मी विकणार नाही. कावळ्यानं मान वाकडी केली. बस, एवढंच. गुरुजी हळूच म्हणाले, आणखी काही असेल तर... मला माहीत होतं काय आहे. घाटावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या छातीत ते लाकूड चिरताना पाचर अडकते तसं अडकलं होतं. शेवटी मी पुढे झालो आणि त्या पाखराला मोठ्यानं सांगितलं, "उद्या सकाळच्या गाडीनं यमुनाला नागपूरला पाठवतो. चल, ये आता."

कावळा उडाला. आमच्यावरून गेला, आणि पलीकडच्या पायरीवर कोणी यात्रेकरूनं पुरी टाकली होती, तिच्यावर जाऊन बसला.

तो परत आलाच नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि विधी संपवला. परतताना टांग्यात सगळे मला समजावू लागले की दादा, कावळा काही तुमच्या शब्दावर शिवला नाही, म्हणजे मास्तरचं मन त्यात नव्हतंच, तुम्ही मोकळे. चिटणीस तर म्हणाले, शास्त्राप्रमाणे तुमच्यावर बंधन नाही. माझा संताप संताप होत होता. सगळ्या गावासमोर बोललो, आणि त्याच्या बदल्यात एक कावळासुद्धा मिळाला नाही.

बाया घाटावर येत नाहीत, पण बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. यमुनानं ताट वाढलं, पाणी दिलं, आणि बाजूला झाली. मग दारातूनच म्हणाली, "बाबा, कावळा शिवला नाही म्हणे. मग मी नाही गेले तरी चालेल."

तिच्या तोंडाकडे मी पाहिलं. काही हवं असलेल्या माणसाचं तोंड कसं असतं, हे मला मास्तरनं शिकवायची गरज नव्हती.

"शब्द मी दिला आहे," मी म्हटलं. "कावळ्याला विचारून मी शब्द देत नसतो. पेटी भर."

मास्तर असता तर बुंध्यावरून उठला असता आणि वर्गाकडे वळून म्हणाला असता, बघा, योगायोग आला नाही, पुरी खायला गेला. शेवट पात्राच्या स्वभावातून आला. आणि मग तासभर बोलला असता. मी त्याला सांगितलं असतं की मी बदललो वगैरे काही नाही. बोललो ते करतो, तो मी पहिल्या पानावरही होतो आणि आजही आहे. तर तो म्हणाला असता, हो, तेच तर. त्याच्याशी भांडून कोणाचं भलं झालं आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. मास्तरचा मेहुणा नागपूरला परत निघाला होता, त्याची सोबत होती. यमुनाची लोखंडी पेटी रामदीन उचलू लागला, मी त्याला बाजूला केलं आणि स्वतः उचलली. स्टेशनावर ती पाया पडली. भाकरीचं पीठ कोणत्या डब्यात आहे ते तिसऱ्यांदा सांगू लागली, तेवढ्यात शिट्टी झाली. ती खिडकीतून बराच वेळ दिसत होती.

टालीत परत आलो. पावसानं सगळ्या लाकडांवरचा खडू धुऊन नेला होता. बुंधा मात्र टिनाच्या कडेखाली होता, त्याच्यावरचं अक्षर फिकं होऊन टिकलेलं. रामदीननं बैल सोडले, माझ्याजवळ आला, आणि इकडेतिकडे पाहत विचारलं, "भैया, बिटिया चली गई... कैसे मान गए आप?" घरात चूल थंड होती. गिऱ्हाईक नव्हतं. मी जाऊन त्या बुंध्यावर बसलो. उंची बरोबर होती, हे मान्य करतो.

"बैठ," मी म्हटलं, "बताता हूँ." मग मी थांबलो. आधी तलाव आणला, त्याच्यावरचं धुकं आणलं, बैलांच्या घुंगरांचा आवाज आणला. आणि म्हटलं, "एक लड़की थी, यमुना. उसको पढ़ने जाना था."

रामदीन उकिडवा बसला. जरा वेळ ऐकून म्हणाला, "और आप, भैया? आप कहाँ थे?"

"मैं भी था," मी म्हटलं. "संदूक उठानेवाला. बीच में मत बोल, सुन."